मॅडमचे मिस्टर

४ ऑगस्ट

सामान आलं. पुस्तकांची खोकी जिन्याच्या वळणावर अडकली तेव्हा हमालांनी माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही ती पुस्तकं मीच छापली होती. छापली नाहीत, पण त्यांतल्या निम्म्यांमधल्या चुका मी काढल्या आहेत. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

वरचा मजला आमचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक गच्ची, जिच्यावर घरमालकिणीचे कपडे वाळतात. समोर मुलांचं वसतिगृह. खिडकी उघडली की त्यांच्या बनियनींचं दर्शन, बंद केली की उकडतं. घरमालकीण खाली एकटीच राहते. साठीच्या पुढची आहे, पण कान विशीतले. संध्याकाळी चहा घेऊन वर आली.

"मॅडम नाहीत वाटतं?"

"कॉलेजात गेलीय. रुजू व्हायला."

"म्हणजे तुम्ही मॅडमचे मिस्टर."

"हो."

"आणि तुम्ही काय करता?"

"मुद्रितशोधक आहे. पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका काढतो."

"अगंबाई! म्हणजे घरीच असता."

एवढी माहिती पुरली. कप विसळायलाही न थांबता खाली गेली.

ही वही हिने, म्हणजे बायकोने, आणून दिली. म्हणाली, रोज थोडं लिहीत जा, बरं वाटेल. जसा काही मी आजारी आहे. वही मात्र चांगली आहे, कागद जाड आहे आणि शाई फुटत नाही.

९ ऑगस्ट

कॉलेज आधी झालं आणि मग त्याला गाव फुटलं, असं हे गाव. झेरॉक्सची दुकानं, खाणावळी, सायकलदुरुस्ती आणि जिकडे पाहावं तिकडे पाट्या. 'विद्यार्थ्यानसाठी खोल्या भाड्याने देने आहे.' एका ओळीत तीन चुका! खिशातल्या पेनाकडे हात गेला, पण हिने मनगट धरलं. "पहिल्याच आठवड्यात मार खायचाय का?"

न्हाव्याने विचारलं, "कुठल्या डिपार्टमेंटला?" म्हटलं, कुठल्याच नाही. त्याची कात्री थांबली. मग म्हणाला, "अच्छा, त्या नव्या मॅडमचे मिस्टर!" आणि पुढे अर्धा तास माझ्या डोक्यावर हात ठेवून माझ्याच बायकोविषयी मला माहिती देत राहिला. इतिहास शिकवतात, आवाज चांगला आहे, मुलं ऐकतात. बरं झालं, मला कळलं.

२७ ऑगस्ट

वाचनालयसुद्धा कॉलेजचंच. बाहेरच्याला सभासद व्हायचं तर कॉलेजातल्या कुणाची तरी सही लागते. ग्रंथपाल म्हणाला, "मॅडमना सांगा ना." हिने सही केली. ग्रंथपालाने कार्डावर माझं नाव लिहिलं आणि पुढे कंसात लिहिलं, 'अवलंबित'.

"हे काय?"

"प्रकार असतो तसा. प्राध्यापक, विद्यार्थी, अवलंबित. तुम्ही तिसऱ्यात बसता."

बसलो. शुद्धलेखन बरोबर होतं, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती.

३ सप्टेंबर

जुन्या छापखान्यातल्या सोबत्याचा फोन आला. "अरे, आपला सगळा विभागच बंद केला, त्या गडबडीत तुझा निरोपसमारंभ राहून गेला बघ." म्हटलं, राहू दे. आता तिथे मशीन चुका काढतं म्हणे. काढू दे. 'दिन' आणि 'दीन' दोन्ही शब्द बरोबर असतात, त्यातला कुठला हवा ते मशीनला कोण सांगणार?

ही इथे सगळ्यांना सांगत सुटलीय, "माझ्यासाठी ह्याने चांगली नोकरी सोडली." परवा घरमालकिणीलाही सांगितलं. मी जवळच उभा होतो. आता, सोडा असं त्यांनी आधी सांगितलं हे खरं, पण सोडली तर मीच ना? हिला तारखा ठाऊक आहेत, तरी असंच सांगते. मी दुरुस्ती करत नाही.

१८ सप्टेंबर

विभागप्रमुखांकडे चहाला बोलावलं होतं. हिचे वरिष्ठ. हिचं पहिलं वर्ष परीक्षेचं, म्हणजे डिसेंबरात संस्थेच्या बैठकीत ठरणार की कायम करायचं की नारळ द्यायचा, आणि त्या बैठकीत ह्यांच्या शब्दाला वजन. म्हणून ही येताना दोनदा म्हणाली होती, "आज जरा गोड बोल."

गोडच बोललो. त्यांनी आपलं नवं पुस्तक हातात ठेवलं. आता आमच्या हातात पुस्तक द्यायचं आणि आम्ही ते उघडायचं नाही, असं कसं चालेल? पहिलंच पान अर्पणपत्रिकेचं: 'तिर्थरूप बाबांस'. म्हटलं, "सर, वडिलांना तरी दीर्घ लिहायचं."

विनोद चांगला होता. छापखान्यात यावर टेबलं वाजली असती. इथे प्रमुखांच्या बायकोने कप उचलायला सुरुवात केली.

परतताना कोपऱ्यावर ही म्हणाली, "तुला गप्प बसता येतच नाही का रे?"

"चूक ती चूक."

"त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले."

मला काय माहीत? पानावर लिहिलेलं नव्हतं. आणि गप्प बसायचंच म्हटलं तर मलाही बसता येतं. मनात आणलं तर असा गप्प बसेन की हिला बोल म्हणायची पाळी येईल.

३ ऑक्टोबर

काही नाही. दुपारी गच्चीवर बसलो. घरमालकिणीच्या चादरींमधून वसतिगृह दिसतं. मुलं एकमेकांना शिव्या देत होती, मजेत. मला शिवी द्यावी इतक्या जवळचं या गावात कुणी नाही, असं मनात आलं आणि एकदम वाईट वाटलं. ही साडेपाचला आली तेव्हा तिला सांगणार होतो, पण ती आल्या आल्या कॉलेजातलंच सांगायला लागली, मग राहिलं.

१० ऑक्टोबर

डिसेंबरात कॉलेजला पन्नास वर्षं होतात. स्मरणिका निघणार, आणि संपादनाचं झेंगट हिच्या गळ्यात. नवीन माणूस म्हणजे हक्काची ओझ्याची जागा. ही मात्र खूश. म्हणते, हे नीट झालं तर कायम व्हायला अडचण यायची नाही, संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः सुचवलंय.

मी म्हटलं, "प्रुफं मी बघतो."

तिचा चेहरा इतका उजळला की मलाच लाज वाटली. "खरंच? मी उद्याच समितीत विचारते."

कपाटातून माझी लाल पेनं काढून ठेवली आहेत. दोन वाळली आहेत, बाकीची चालतात.

२२ ऑक्टोबर

समिती म्हणाली, बाहेरचा माणूस कशाला? आमच्याकडे भाषेचे दोन प्राध्यापक आहेत की. विभागप्रमुख म्हणाले म्हणे, "मिस्टरांना कशाला त्रास? फावल्या वेळात चाळतील." चाळतील! गहू आहे का तो?

"मग तू काय म्हणालीस?"

"आत्ता काही नाही म्हणाले. तू थोडं थांब. मी बघते कसं करायचं ते."

म्हणजे गप्प बसली. मला गप्प बसायला शिकवणारी बाई समितीत चांगली गप्प बसली. पेनं परत कपाटात ठेवली.

५ नोव्हेंबर

ही रोज कागदांचा गठ्ठा घेऊन येते आणि जेवणाच्या टेबलावर पसरून बसते. अधूनमधून विचारते, "हे वाक्य बरोबर वाटतं का रे?" मी म्हणतो, समितीला दाखव. तीनचारदा म्हटल्यावर विचारायची थांबली. आता स्वतःच पुटपुटते आणि स्वतःच खोडते. तिची 'की' आणि 'कि' मध्ये अजून गफलत होते. मी पलीकडे बसून पेपर वाचतो. नजर जाते, पण तोंड उघडत नाही.

१७ नोव्हेंबर

कॉलेजच्या आवारात संस्थेचे अध्यक्ष भेटले. ऐंशीचे, पण ताठ. गावात त्यांची एक ख्याती आहे: रिकाम्या वर्गात दिवा जळताना दिसला की स्वतः आत जाऊन मालवतात. एकदा म्हणे मुलं आत असतानाच मालवला. पैसा वाचवायचा म्हणजे किती.

हिने ओळख करून दिली. सोबत विभागप्रमुख आणि आणखी चारपाच जण. अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"काय मिस्टर, करमतं का? आमच्या गावात मंडळी नवऱ्याच्या जिवावर राहतात. बायकोच्या जिवावर राहणारे तुम्हीच पहिले! सत्कारच करायला हवा तुमचा."

सगळे हसले. ही खाली बघत होती, पण तिचे खांदे हलले. म्हणजे तीही हसली. मी पाहिलं.

वीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करत बसलो आणि स्वतःला हवं तेव्हा एक वाक्य सुचलं नाही. रात्रीपर्यंत सात सुचली. अंगाची नुसती आग झालीय.

२१ नोव्हेंबर

ही अध्यक्षांच्या सहीचे कागद शिपायाकरवी पाठवते, स्वतः जात नाही. विचारलं तर म्हणाली, "मला त्या माणसाचं तोंड बघायचं नाही." काही कामावरून बिनसलं असेल. मला काय त्याचं?

३ डिसेंबर

आज नीट लिहितो, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावाने खडे फोडले तर मला तरी माहीत असेल काय झालं.

दुपारी चारला ही धापा टाकत जिना चढली. मागे डीटीपीवाला, म्हणजे कॉलेजच्या फाटकाशी दुकान आहे तो, ज्याने सगळा मजकूर टाइप करून पानं लावलीत. त्याला पाचच्या आत पानं परत हवी होती, उद्या सकाळी छपाई. तो दारात उभा राहून घड्याळ बघत होता. हिने गठ्ठा माझ्यासमोर टाकला. शेवटची दोनतीन पानं मात्र काढून स्वतःच्या हातात ठेवली.

"एकदा नजर टाक ना रे. प्लीज."

नजर टाक! वाच म्हणाली नाही. तपास म्हणाली नाही. समितीतले दोन प्राध्यापक वाचणार, आणि मी नजर टाकणार. न्हाव्याच्या दुकानात मासिकावर टाकतात तशी. बरं, म्हटलं, टाकतो.

पानं उलटली. तिसऱ्याच पानावर अध्यक्षांचा पानभर फोटो आणि वर टपोऱ्या, वेलबुट्टीच्या अक्षरांत मथळा. लिहायचं होतं 'संस्थेचे आधारस्तंभ'. पण 'आ'चा काना गळला होता आणि डोक्यावर टिंब येऊन बसलं होतं.

'संस्थेचे अंधारस्तंभ'.

आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल की चूक बारीक अक्षरांत कधी राहत नाही, ती मोठ्या मथळ्यात राहते. कारण मथळा कुणी वाचतच नाही, सगळे नुसते बघतात. दोन प्राध्यापकांनी बघितला. हिने बघितला. डीटीपीवाल्याने तर स्वतःच्या हाताने सजवला.

आणि खाली तो माणूस, कोटाच्या खिशात हात घालून, दिवे मालवत हिंडणारा. मला इतकं हसू आलं की खोकला आला असं दाखवावं लागलं.

"काय झालं? काही आहे का?"

"छान आहे."

"नक्की?"

"नजर टाकली. छान आहे."

ही इतकी थकली होती की तिथेच खुर्चीत बसली. म्हणाली, "तू बघितलंस ना, आता मला काळजी नाही." डीटीपीवाला गठ्ठा घेऊन गेला.

खोटं मी काही बोललो नाही. छान होतंच ते.

४ डिसेंबर

सकाळी फाटकापर्यंत गेलो. डीटीपीवाल्याचं दुकान उघडं होतं. आत जाऊन एक शब्द टाकला असता की काम झालं असतं. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मग दुसरा घेतला. मनात येत होतं, हिचं वर्ष आहे हे, हिची नोकरी आहे, हसू अध्यक्षांचं होईल पण निस्तरावं हिला लागेल. मग खांद्यावरची ती थाप आठवली आणि हिचे हललेले खांदे आठवले.

डीटीपीवाला बाहेर येऊन म्हणाला, "काय मिस्टर, मॅडमचा काही निरोप?"

मिस्टर म्हणाला नसता तर कदाचित सांगितलं असतं.

"नाही," म्हटलं, "सहज आलो होतो."

१४ डिसेंबर

कसं लिहू?

सभागृह भरलेलं. ही नव्या कपड्यांत, केस नीट बांधलेले, इतक्या महिन्यांत एवढी प्रसन्न दिसली नव्हती. सुरुवातीआधी ती माझ्या खुर्चीपाशी आली आणि कोरी करकरीत स्मरणिका माझ्या मांडीवर ठेवली. "शेवटचं पान बघ," म्हणाली आणि लहान मुलीसारखी पळाली.

शेवटचं पान उघडलं. 'मुद्रितशोधन', आणि पुढे माझं नाव. वडिलांच्या नावासकट, पूर्ण. 'मॅडमचे मिस्टर' नाही, माझं नाव. त्याखाली ओळ: 'यांनी निःशुल्क केलेल्या मौलिक साहाय्याबद्दल संस्था ऋणी आहे.'

शेजारच्या खुर्चीवरच्या भाषेच्या प्राध्यापिका म्हणाल्या, "फार भांडल्या हो मॅडम तुमच्यासाठी. नाव घातलं नाही तर मी संपादन सोडते म्हणाल्या. त्या दिवशी अध्यक्ष तुम्हाला तसं बोलले ना, तेव्हा स्टाफरूममध्ये येऊन रडल्या. आता भाषणानंतर तुम्हाला स्टेजवर बोलावणार आहेत, पण मी सांगितलं म्हणू नका."

मी स्टेजकडे पाहिलं. अध्यक्षांनी फीत सोडली, स्मरणिका उंच धरली, फोटोसाठी तिसरं पान उघडून समोर केलं. मागच्या रांगांमधून एक हसू फुटलं. मग दुसरं. मग कुणीतरी मोठ्याने वाचलं. कुणीतरी पाठीमागून सभागृहातले दिवे घालवले, आणि सगळं सभागृह खिदळलं.

दिवे लागले तेव्हा ही स्टेजच्या कडेला उभी होती. हातात शाल होती. ती माझ्यासाठी होती.

१६ डिसेंबर

गावात आता अध्यक्षांना 'अंधारस्तंभ' हेच नाव पडलंय. फळ्यांवर लिहिलंय, वसतिगृहाच्या भिंतीवर लिहिलंय. आमच्या समोरची मुलं वीज गेली की अध्यक्षांच्या नावाने ओरडतात.

मला वाटलं होतं गंमत वाटेल. वाटत नाही.

अध्यक्षांची खात्रीच झालीय की हे मुद्दाम केलेलं आहे. संस्थेत त्यांच्या विरुद्ध एक गट आहे, त्या गटाने नव्या बाईला हाताशी धरलं, असं ते म्हणतात. विभागप्रमुखांनीही तेल ओतलं असणार. तीर्थरूपांचा राग अजून आहे.

संध्याकाळी ही माझ्यासमोर बसली. मला ओरडा अपेक्षित होता. तिने माझा हात हातात घेतला.

"एक विचारू? खरं सांग. तुला ते दिसलंच नाही?"

आता काय सांगायचं? दिसलं म्हणावं तर पुढचं सगळं सांगावं लागेल. दिसलं नाही म्हणावं तर वीस वर्षांची अब्रू जाते. जिभेवर दोन्ही शब्द होते.

"नाही," म्हटलं.

तिने माझा हात आणखी घट्ट धरला. "मला वाटलंच. रोज पेपर इतका लांब धरतोस. माझंच चुकलं, मी घाईत तुझ्यापुढे टाकलं. आपण डोळे दाखवून घेऊ."

पेपर मी लांब धरतो तो तिच्या कागदांकडे बघायला सोपं जावं म्हणून. हे अर्थात बोललो नाही.

१९ डिसेंबर

प्राचार्य भला माणूस. हिला म्हणाले, "बैठक सोमवारी आहे. अध्यक्षांच्या डोक्यातून 'मुद्दाम' हा शब्द काढायचा असेल तर काहीतरी हातात द्या. मिस्टरांच्या डोळ्यांना त्रास आहे म्हणता ना? डॉक्टरांची चिठ्ठी आणा. म्हातारा रागीट आहे, पण दुबळ्या माणसावर राग धरत नाही. मी समजावतो त्यांना. तुमचं कायमचं होऊन जाईल."

घरमालकिणीने जिन्यात गाठून मला गाजराचा रस दिला. "डोळ्यांना चांगला." मी प्यालो. आख्खं गाव माझ्याशी मऊ आवाजात बोलतंय. न्हावी रस्ता ओलांडून देतो म्हणाला! चारचौघांत आंधळा ठरलोय. हिच्यासाठी एवढं सोसतोय, हे कुणी लक्षात घेत नाही.

२१ डिसेंबर

डोळ्यांचे डॉक्टर. ही दाराशी स्टुलावर पर्स मांडीवर धरून बसली होती. तिनेच सांगितलं, "याला हल्ली वाचताना अक्षरं नीट लागत नाहीत."

"चाळिशीचा नंबर वाढला असेल. बसा."

आधी भिंतीवरची अक्षरं. मग माझाच चष्मा लावून हातात जाड पुठ्ठ्याचा तक्ता दिला, वर मोठी अक्षरं, खाली खाली बारीक होत जाणारी.

मला ठाऊक होतं काय करायचं ते. नजर अधू झालेला माणूस कुठे चुकतो हे माझ्याइतकं त्या डॉक्टरलाही ठाऊक नसेल. 'घ'चा 'ध' होतो. 'भ'चा 'म' होतो. 'ष'चा 'प' होतो. माझा सगळा जन्म या जोड्यांमध्ये गेलाय. मला फक्त एकदा 'घ'ला 'ध' म्हणायचं होतं. तिथे स्टुलावर ही बसली होती, तिचे ओठ हलत होते, आणि सोमवारी बैठक होती.

चौथ्या ओळीत 'घर' आलं. मी थांबलो. डॉक्टर म्हणाले, "नाही दिसत? राहू द्या, सावकाश."

सावकाश! त्या 'सावकाश'ने माझ्या डोक्यात काहीतरी झालं. मला, सावकाश?

"घर," म्हटलं. आणि मग थांबलोच नाही. खालची ओळ, तिच्या खालची, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची शेवटची ओळसुद्धा एका दमात वाचली. आणि तक्ता परत देताना म्हटलं, "शेवटच्या ओळीत 'आणि'च्या आधीचा स्वल्पविराम काढून टाका. तिथे लागत नाही."

डॉक्टर खो खो हसले. "मॅडम, यांच्या डोळ्यांना काय धाड भरलीय? माझ्यापेक्षा चांगले आहेत!"

मी अभिमानाने वळून पाहिलं. खरंच, क्षणभर अभिमानच वाटला.

ही माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. एखादा शब्द आपण वर्षानुवर्षं चुकीच्या अर्थाने वापरत होतो असं कळावं, तसं.

रस्ताभर ती पुढे आणि मी मागे. दार उघडून आत गेल्यावर तिने विचारलं, "कधी दिसलं?"

"त्याच दिवशी."

"लगेच?"

"लगेच." मग मला वाटलं की माझी बाजूही मांडायला हवी. "तू नजर टाक म्हणालीस. वाच म्हणाली नव्हतीस. आणि अध्यक्ष मला बोलले तेव्हा तू हसली होतीस, मी पाहिलं."

"मी हसले?"

आणि ती आत जाऊन पडली.

२२ डिसेंबर

सकाळी उठलो तेव्हा ही तयार होती.

"चहा झाकून ठेवलाय. गरम करून घ्या."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. लग्नाआधीपासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. तिच्या आईने केवढा गहजब केला होता त्यावरून.

"घ्या काय? घे म्हण."

"बरोबरच म्हणाले मी." पर्समध्ये ती किल्ल्या शोधत होती. "प्राचार्यांना सांगून टाकते की चिठ्ठी नाही, चूक माझी आहे. कायम करणार नाहीत आता. जूनमध्ये दुसरीकडे बघेन. एकटीला खोली कुठेही मिळते."

एकटीला म्हणाली. बहुधा सुरुवातीपुरतं, मग सामान हलवायचं म्हणून. मी म्हटलं, पुस्तकांची खोकी पुन्हा जिन्यात अडकतील. त्यावर ती म्हणाली, "तुमचं जेवण दुपारी खालून येईल. मी सांगितलंय."

जिना उतरताना तिची पावलं ऐकू येत होती. खालचं दार उघडलं. घरमालकीण वाटच बघत असणार.

"काय हो मॅडम, मिस्टरांच्या डोळ्यांचं काय निघालं?"

"काही नाही," ही म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा, वर्गात तारखा सांगते तसा. "त्यांना सगळं दिसतं."